म्हशीनं लंगडे केलेले तीन पूर्वज

२ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन वर्ष झालं. पाटबंधारे खात्यात घासलेली बुद्धी गंजू द्यायची नाही. संकल्प: पहाटे पाचला उठणे. ताडी बंद. तियोपानला काका म्हणणं बंद.

शेवटचा संकल्प मुख्य. मी एकसष्ट वर्षांचा, तियोपान छत्तीसचा. आमच्या तळ्याकाठच्या बालिगे गावच्या बाजारात डुकरांच्या खाद्याचं दुकान चालवतो. पण आमच्या कुळात वय कोण विचारतो? मूळ पुरुषापासून पिढ्या मोजायच्या. माझा नंबर पंधरा, त्याचा चौदा. म्हणून तो काका आणि मी पुतण्या. भर बाजारात मला हाक मारतो, "या बाळ, बसा, कॉफी घ्या." बाळ म्हणतो आणि वर अहोजाहो करतो. चीड येते ती या अहोजाहोची.

रोजनिशीत मात्र मी त्याला सरळ तियोपान लिहिणार. इथे कोण बघतंय?

३ जून
उठलो नऊला. पहाटे पाऊस होता.

५ जून
काका-बंदीच्या प्रोजेक्टची दिशा ठरली. दोन ऑगस्टला मूळ पुरुषाच्या स्मारकाचं उद्घाटन. सिमेंटचं, तीन मजली, वर कौलारू छप्पर. खाली संगमरवरावर सगळ्या पुरुषांची नावं, नंबरासकट. एकदा संगमरवरात गेलं की संपलं. त्या दिवशी भाषणंही नंबराप्रमाणे. मोठा आधी.

गेल्या वर्षी लामरियाच्या लग्नात कुळातर्फे आशीर्वाद द्यायला माइक तियोपानच्या हातात गेला. बाप मी. लेक माझी. मी बाजूला उभा राहून मान डोलावत होतो. ते अजून सलतं, आणि रोजनिशीत लिहायला लाज कसली?

माझं म्हणणं एवढंच, की पंधरा हा नंबरच चुकलाय. माझ्यासारखा माणूस पंधरा असूच शकत नाही.

लामरियाच्या आईला (म्हणजे बायकोला) थिअरी सांगितली. ती म्हणाली, मग किती हवाय? एक?

९ जून
चर्चमध्ये गेलो. जर्मन मिशनऱ्यांच्या काळातलं बाप्तिस्म्याचं बाड मागितलं. गुरुजींनी कपाट उघडलं. वाळवीने निम्मं बाड फस्त केलंय. उरलेल्यात कुळाची नावं अधूनमधून आहेत. अमक्याचा बाप कोण, तिथेच नेमकं भोक.
पण खऱ्या संशोधकाला भोकंही बोलतात. दिवसभर भोकांकडे बघत बसलो. धुळीने घसा बसला, म्हणून ताडी. औषध म्हणून घेतलेली मोजायची नाही.

१४ जून
आत्याकडे जायला हवं. ती तळ्यापलीकडे, बेटावर राहते, पंच्याऐंशीची. बोटीला गर्दी फार आणि धक्क्यापर्यंत चालायचं म्हणजे गुडघे. तियोपानने आपणहून पिकअपमधून धक्क्यावर सोडलं. वाटेत म्हणाला, "बाळ, कशाला एवढा त्रास घेता? मला नावाने हाक मारा की. मला चालतं."
घाबरलाय.

१५ जून, रविवार
आत्याकडे. माशाचं आरसिक कालवण उत्तम. संशोधन कठीण.

मी विचारलं, आत्या, आपल्या नवव्या पुरुषाचं खरं नाव काय? तिने पानाची पिचकारी टाकली आणि माझ्या हातावर चापट मारली. "मेल्या, थोरांचं नाव तोंडाने घेतात का? तुझ्या बापाने तरी घेतलं असतं का?" पिढ्यान्‌पिढ्या कुणी कुणाचं नाव घेतलं नाही आणि आता मला वंशावळ बनवायचीय! बरं, नाव नको, माणूस कसा होता ते सांग, म्हटलं. म्हणाली, सारबुटचे आजोबा लंगडे होते. म्हशीने ढुशी दिली, डावा पाय गेला.

२० जून
भिंतीवर चार्ट लावला. वडिलांच्या वेळी कुळाने केलेली यादी, बाडातले शेरे, आत्याचं बोलणं, सगळं एकत्र. चार्ट वाकडा लागला, कारण भिंत वाकडी आहे.

विलक्षण शोध! यादीतला आमचा सातवा पुरुष पाउलुस. बाडात शेरा: म्हशीमुळे डाव्या पायाने अधू. त्याचा मुलगा आठवा, गादिंगचा बाप. त्याच्या थडग्यावर कोरलंय: म्हशीने डावा पाय नेला तरी देवाने चालवला. त्याचा मुलगा नववा, सारबुटचे आजोबा. आत्या म्हणते, तोही लंगडा. म्हशीनेच.
तीन पिढ्या! डावाच पाय! म्हशींचं आणि आमच्या घराण्याचं काहीतरी जुनं वैर आहे. यावर स्वतंत्र निबंध लिहिणार. शेजाऱ्याची म्हैस दिसली की आजपासून रस्ता बदलायचा.

२८ जून
निबंधाची पहिली ओळ लिहिली. छान झालीय. बाकी उद्या.

३ जुलै
आज डोक्यात ट्यूब पेटली, आणि पेटवली लामरियाच्या आईने, नकळत.

नातवासाठी ऑनलाइन झबली मागवली होती. पार्सलवाला दारात येऊन ओरडला, जाहोतमान इथेच राहतात का? ही आतून म्हणाली, असं कुणी नाही इथे, पुढच्या गल्लीत विचारा. तो गेला. मी धावत बाहेर. अगं, जाहोतमान म्हणजे मी! ही म्हणाली, "अगबाई! तीस वर्षांत ऐकलं नव्हतं, विसरलेच." खरंच आहे. लामरिया झाल्यापासून मी लामरियाचा बाप. मार्चमध्ये नातू झाला, त्याचं नाव सहात, तेव्हापासून मी सहातचे आजोबा. पार्सलवाल्यामागे धावताना गल्लीच्या टोकाला मला धाप लागली, आणि तिथेच समजलं.
पाउलुस, गादिंगचा बाप, सारबुटचे आजोबा. एकच माणूस! एकच म्हैस! पोर झालं, नाव बदललं. नातू झाला, पुन्हा बदललं. यादीवाल्यांनी एकाला तीन वेळा मोजलं.
पंधरातून दोन गेले. मी तेरा! तियोपान चौदा!
तो माझा पुतण्या!
झबली परत गेली. हरकत नाही.

४ जुलै
बाजारातून तीन वेळा गेलो. तियोपानने बाळ म्हणून हाक मारली. मी नुसता हसलो.

६ जुलै, रविवार
चर्चनंतर स्मारक कमिटीची बैठक. अध्यक्ष म्हणजे कुळातले सगळ्यात वडील, साउतचे आजोबा. कानांनी कमी, माइक मात्र सोडत नाहीत. मी चार्ट उलगडला. म्हैस सांगितली. अध्यक्षांनी मला दोनदा म्हैस पुन्हा सांगायला लावली.
तियोपान उठला आणि म्हणाला, सहातच्या आजोबांचं बरोबर दिसतंय. मी पुतण्या तर पुतण्या. पण बाकीच्यांची यादी आहे तशीच ठेवू, उगाच उकराउकरी नको.
कसा गोगलगायीसारखा आत शिरला बघा! मी ठणकावून सांगितलं, नियम म्हणजे नियम. माझ्या एकट्यासाठी नको, अख्ख्या कुळाला लावा. प्रत्येक शाखा तपासा. दूध का दूध! टाळ्या पडल्या. ठराव एकमताने. तियोपानने हात जरा उशिरा वर केला, हे मी टिपलं.
घरी आल्यावर लामरियाच्या आईने विचारलं, काकांचा नंबर तपासला होता का तुम्ही? म्हटलं, त्याचा कशाला? मला माझ्याशी मतलब.

१३ जुलै
भाषणाची तयारी. सुरुवात: "माझ्या लाडक्या पुतण्यांनो." आरशासमोर म्हटलं. आवाज खणखणीत येतो.

२१ जुलै, सोमवार
कमिटीचं काम पूर्ण झालं असं कळलं. दगड कोरायला गेला. मी जाऊन बघणार नाही, उतावीळपणा शोभत नाही.

२२ जुलै
बघून आलो.

तियोपानच्या शाखेत यादीप्रमाणे पाचवा, सहावा, सातवा, आठवा अशा चार पिढ्या लागोपाठ. चौघांच्या बायकांचं नाव तियुर. चौघी तियुर एकाच गावच्या. चौघींना जुळं झालं. चारही पिढ्यांत कुणाला हे विचित्र वाटलं नाही! कमिटीने माझा नियम लावला. बारशाचं नाव, बाप्तिस्म्याचं नाव, अमक्याचा बाप, तमक्याचे आजोबा. एकच माणूस, एकच तियुर.
चौदातून तीन गेले.
तियोपान अकरा.
मी तेरा.
काका होता तो आजोबा झाला.

२३ जुलै
अध्यक्षांकडे गेलो. नियमाचा फेरविचार हवा, म्हटलं. चौघी बायका एकाच नावाच्या असूही शकतात, योगायोग. ते म्हणाले, आणि म्हशी? मी म्हटलं, म्हैस वेगळी. ते म्हणाले, काय म्हणालास? माइकमध्ये बोल.
दगड कोरून झालाय. छिन्नीवाला पैसे घेऊन मेदान शहराला निघून गेला.

२४ जुलै
आज अंथरुणातच. ताडीचा संकल्प तूर्त स्थगित.
लामरियाच्या आईने आणखी एक हिशेब लक्षात आणून दिला. तियोपानचा मुलगा गोमगोम, वय चार. आधी तो नंबर पंधरा, म्हणजे माझा भाऊ. त्याला मी भोवरा दिला होता. आता तो बारा. म्हणजे माझा काका. ती म्हणाली, "तुमच्या संशोधनापायी मी चार वर्षांच्या पोराची सून झाले. आता त्याच्यासमोर जपून बोलायचं, त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही. उद्या भाजी आणायला जाऊ की नको?"

२६ जुलै
बाजारात आजोबा भेटले. मीच आधी म्हटलं, आजोबा, नमस्कार. जिभेला काटा टोचल्यासारखं झालं. ते लाजून लाल झाले. म्हणाले, अहो, मी तर तेव्हाच म्हणालो होतो, यादी राहू द्या. आणि मला कॉफी पाजली. आता बाळ म्हणत नाहीत, नातवा म्हणतात. अहोजाहो सुरूच.

३१ जुलै
भाषण नव्याने लिहिलं. "माझ्या आदरणीय आजोबांनो, काकांनो." अजून दम आहे त्यात. तेरा म्हणजे काही वाईट नंबर नाही. कुळात सतरासुद्धा आहेत. मुद्दे असे मांडणार की सगळे ऐकत राहतील. म्हैसही माझीच, नियमही माझाच. लोकांना ते कळतं.

२ ऑगस्ट, शनिवार
उद्घाटन. गोंदांगचा ढोल सकाळपासून. तळ्यावर स्वच्छ ऊन. मी नवा कोट घातला, खांद्यावर आईच्या हातची विणलेली उलोस शाल.
आधी अकरा बोलले, मग बारा. आजोबा छान बोलले. माझं नावही घेतलं, आपल्या नातवाने कष्टाने खरं शोधून काढलं म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. मग तेरा सुरू झाले. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी कागद उघडला, घसा साफ केला. तेवढ्यात कोटाची बाही कुणीतरी ओढली.
बघतो तर गोमगोमकाका. म्हणाले, मला शू लागलीय.
मी आजूबाजूला पाहिलं. आजोबा मंचावर, त्यांची बायको स्वयंपाकात. बायका कुजबुजल्या, काका सांगताहेत, जा की. पुतण्याने नाही म्हणायचं नसतं. कुळाचा नियम. मीच सगळ्यांना पढवला होता.
शौचालय स्मारकाच्या मागे, उतारावर. काकांचं बटण घट्ट होतं. मग त्यांना बेडूक दिसला. मग दुसरा बेडूक. वरून प्रार्थना ऐकू आली, आमेन झालं, ढोल वाजले आणि माइकची वायर गुंडाळत एक माणूस खाली उतरून गेला. माझा कागद खिशातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं. चुलीच्या धुराने, असं म्हणता येईल.
काकांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, तू माझा कोण?
म्हटलं, मी तुमचा पुतण्या, काका.
ते म्हणाले, मग उचल मला.
उचललं.