जोहरा आपांकडे गेलेल्या दोन चाव्या

अल-खोबर,
३ नोव्हेंबर

आदरणीय जोहरा आपा,

अस्सलाम अलैकुम. घरात फोन असताना पत्र लिहिते आहे, कारण तुमचा फोन आला की तुमचे बंधू स्पीकर लावून शेजारी बसतात, आणि मला त्यांच्याविषयीच लिहायचं आहे. तुमच्याकडे दोन चाव्या आल्या आहेत. त्या मला एकोणीस तारखेच्या आत हव्यात. (गुडघा कसा आहे? व्यायाम करताय की नुसतं हो म्हणताय?) आम्ही दोघं ठीक. यांचा रक्तदाब या वयाला शोभेल इतकाच आहे.

गाडीचं तुम्हाला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी ती सुट्या भागांनी तीन खोक्यांतून आली आणि यांनी प्लांटवरून परतल्यावर रोज दोन तास खपून ती पार्किंगच्या छपराखाली जोडली. दोन माणसांची, लाल, वर टप नाही, बाजूला दार नाही. नंबरप्लेट नाही आणि मिळणारही नाही, म्हणून ती आमच्या कंपाउंडच्या भिंतीआतच फिरते. आता आमचा कायमचं परतायचा फायनल एक्झिट लागला आहे, बावीसचं विमान आहे. गाडी नेता येत नाही, तेव्हा यांनीच ती घरमालकाच्या पुतण्याला, अलीला, द्यायचं कबूल केलं. त्याच्या खजुराच्या बागेत ती फिरेल. हे सप्टेंबरात ठरलं. शब्द दिला त्याच आठवड्यात यांना चोराची भीती वाटू लागली.

अशी गाडी नेऊन चोर करणार काय, हे मी विचारलं. गेटबाहेर पडला तर पहिल्या सिग्नललाच ट्रॅफिकवाले धरतील. हे म्हणाले, "चोर एवढा विचार करत नाही, आलिमा. करत असता तर कुठेतरी नोकरीला लागला असता."

प्रथम सायरन आणला. तो दाराला बसतो, आणि गाडीला दार नव्हतं, म्हणून आधी दोन दारं बनवली. (ती गुडघ्याएवढी आहेत. चोराने पाय जरा उंच टाकला तर त्याला दार उघडावंही लागणार नाही.) एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज सुटायच्या वेळी, धुळीच्या वाऱ्याने तो सायरन सुरू झाला आणि वीस मिनिटं थांबेना. सगळं कंपाउंड जमलं. नवा वॉचमन धावत आला, त्याला गाडीपाशी एकच माणूस दिसला, आणि त्याने यांचंच मनगट धरलं. मग पेट्रोल तोडणारं छुपं बटण बसवलं, सीटखाली. माणूस बसला की ते दाबलं जायचं आणि इंजिन बंद. गाडीत कुणी नसेल तरच ती चालू राहायची. आता ते बटण दुसरीकडे हलवलं आहे.

शेवटी चाकाला कुलपाचा लोखंडी जबडा लावला. त्याच्या दोन चाव्या. दोन्ही एका जागी ठेवायच्या नाहीत असा यांचा आग्रह, म्हणून एक घरात आणि एक थेट हर्णैला, तुमच्याकडे. चोर तिथवर येणार नाही, हे मलाही पटलं. प्लांटवरचा बाळाराम वेल्डर तेव्हा सुट्टीवर तिकडेच निघाला होता. टेबलावर दोन पाकिटं होती, दोन्हींवर 'नीट ठेवणे' एवढंच लिहिलेलं. मी दोन्ही त्याच्यासोबत तुम्हाला पाठवायच्या खजुराच्या डब्यात नीट ठेवली आणि वरून टेपचे तीन वेढे मारले. चूक माझी आहे, पण अक्षर यांचं आहे.

जबडा कापा म्हटलं तर कापत नाहीत. प्लांटवर मशीन उघडणारा प्रत्येक जण तिला आपलं कुलूप लावतो आणि ते दुसऱ्या कुणी काढायचं नसतं, नाहीतर आत काम करणाऱ्याचा हात जातो. कुलूप तुमचंच आहे ना, असं मी विचारलं. "ज्याच्याकडे चावी, त्याचं कुलूप," हे म्हणाले. "ते आता आपाचं." अली ट्रक घेऊन दोनदा आला आणि चहा पिऊन गेला. हल्ली 'बुकरा, इन्शाल्ला', म्हणजे उद्या बघू, हे आमच्या आधी तोच म्हणतो.

पार्किंग मोकळं झाल्याशिवाय घरमालक कागदावर सही करणार नाही. आणि काल जेवताना यांनी मला सहज विचारलं, विमान पुढे ढकलता येतं का. आपा, बत्तीस वर्षांत या माणसाने एक दिवस रजा वाढवून घेतलेली नाही. गाडी राहिली तर हेही राहतील, मला एवढीच भीती आहे. चाव्या पाठवा.

घरात सगळ्यांना सलाम, धाकट्यांना दुआ.

तुमची भावजय,
आलिमा

ता. क. चाव्या यांच्या नावाने पाठवू नका. हे पत्र आणणारी आमची शेजारीण बिलकिस तिच्या भाचीचं लग्न आटोपून सोळाला इकडे परतते आहे, तिने त्या माझ्याच हातात द्यायच्या. फोनवर यांना अवाक्षर बोलू नका.

ता. क. दुसरा. कारण विचाराल म्हणून लिहिते. मला लायसन्स मिळून सहा वर्षं झाली. बाजारहाट मीच करते. पण या गाडीच्या स्टिअरिंगला यांनी मला हात लावू दिलेला नाही, क्लच जड आहे म्हणतात. बुधवारी, एकोणीसला, हे कंपनीच्या कागदांसाठी दम्मामला जातील. बटण कुठे आहे ते मी पाहून ठेवलं आहे. अलीने नेण्याआधी मी तिच्यातून कंपाउंडला एक फेरी मारणार आहे. कुलूप सध्या तुमचं आहे, तेव्हा तशी परवानगी चिठ्ठीवर लिहून चाव्यांसोबत द्यावी.

बिलकिसच्या हाती दिलं: हे पत्र, बंद. सुकरी खजूर, दोन किलो. तुमच्यासाठी चादर, एक. माझ्या लायसन्सची झेरॉक्स, एक, तुमच्या खात्रीसाठी.