दोन ठोके, मग एक

४ फेब्रु., मंगळ.
आज नेटवर सापडलेलं : कुठल्या तरी डोंगरातली दोन पोरं. कुकरच्या शिट्ट्यांवर अख्खं गाणं केलंय. तिसऱ्या शिट्टीला खालच्या मजल्यावरची बाई ओरडते, ते पण काढलं नाही. ऐकणारे छप्पन. छप्पनावा मी.
दुसरं : एक माणूस जुन्या कॅसेटी गोळा करतो आणि लोकांनी चुकून भरलेले आवाज तेवढे नेटवर टाकतो. आज एक म्हातारी. मुलाला विचारते, "हे चालू झालं का रे?" बास, एवढंच. सात वेळा ऐकलं. का, ते सांगता येणार नाही.
मामा, भट्टीपाशी : "भावड्या, कानातली बोंडं काढ. एक दिवस मुशीत घालून वितळवीन." घालेल पण. फोन ॲसिडच्या बादलीत टाकलेला माणूस आहे तो.

६ फेब्रु., गुरु.
सकाळी चांदी वितळवली. दुपारी येलवालच्या सोनाराकडची झाडलोटीची माती आणायला बसने गेलो. गाळली की त्यातून कण निघतात.
हिनकल गेलं आणि एक नवीन गाणं लागलं. करणाऱ्याने स्वतःचं नाव टाकलंय 'रिकामा डबा', फोटोत जर्मनचं ताट. कालच आलेलं. आधी पंख्याची घरघर, मग पेटी, सावकाश, एकच सूर धरून. मग ठक ठक. जरा थांबून, ठक.
तिकिटासाठी खिशात घातलेला हात तसाच राहिला.
कुठं जायचं म्हणून कंडक्टर कानडीत विचारतो, "एल्लिगे?" मी गप्प. परत विचारलं. मी गप्पच. "एनप्पा, किवुडा?" बस हसली. बहिरा समजला. समजू दे. तिसऱ्या ठोक्यानंतर बोलायचं नसतं. सहा वर्षं हेच केलंय, अंग आधी ऐकतं, डोकं मागून येतं.
आमच्या दुकानातली रीत. मूस ओतायच्या आधी चिमटा भट्टीच्या काठावर मारायचा. दोन ठोके म्हणजे ओततोय, कुणाला काय सांगायचं असेल तर आत्ता सांगा. मग एक. त्यानंतर ओतून होईस्तोवर कुणी शब्द काढायचा नाही. बाकीचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले नुसतं "सरका" म्हणतात. ठोके मामाचेच.
आणि गाण्यात तिसऱ्या ठोक्यानंतर पेटी थांबते. चार-पाच सेकंद नुसता पंखा. मग चर्र. पाण्यात धातू पडला की होतं तसं. गाणं करणारा माणूस एवढा वेळ गप्प बसेल का? ज्याला माहीत आहे तोच बसेल.
येलवाल मागे गेलं. पुढच्या स्टॉपला उतरून चालत आलो.

७ फेब्रु.
अकरा वेळा. खाली नाव नाही, गाव नाही. आधीची तीन गाणी आहेत, ती पण ऐकली. एकात बैलाच्या गळ्यातलं काहीतरी, एकात पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या उलटतात त्याचा आवाज. असा आवाज कुणी भरेल, तर

नको. आधी नक्की करू.

९ फेब्रु., रवि.
दुकान बंद. अग्रहारात आमच्या घरमालकांचा नागेश आहे त्याच्याकडे गेलो. त्यांचे आजे-पणजे मराठी मुलखातून इथं येऊन कापड रंगवायचे, हा हिनकलला स्टिकर छापतो. कॉम्प्युटर भारी आहे. त्याला म्हटलं, यातला ठोका साफ करून दे.
"सुम्ने, नुसता ठोका? गाणं नको?"
"ठोकाच."
"तू जरा विचित्रच आहेस, अल्वा?" म्हणाला. पण बसला. त्याच्या आईने बिसीबेळे दिलं, वर "भाताला लाजायचं नाही बाळा" म्हणून आणखी वाढलं.
पेटीचा आवाज खाली नेल्यावर कळलं. पहिले दोन ठोके बद्द वाजतात. तिसरा पण. आमचा ठोका तर खणखणीत. म्हणजे दुसरंच दुकान?
नागेश : "कुणाला शोधतोस, खरं सांग."
सांगितलं. बापूदादा. माझा सख्खा मोठा भाऊ, डावरा. मामाच्या हाताखाली आम्ही दोघं होतो. त्याला आवाज भरायचा नाद. तीन वर्षांमागे त्या नादावरून मामाशी वाजलं, मामाने त्याचा फोन ॲसिडच्या बादलीत टाकला, दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता. तेव्हापासून आईला दोन फोन, दोन्ही वेळा नंबर वेगळा. बरा आहे म्हणतो. कुठं आहे ते सांगत नाही.
"मामाला कसं कळलं, तो आवाज भरतो ते?"
हे मात्र नाही सांगितलं नागेशला.

१० फेब्रु., सोम.
आईचा फोन. "बापूचं काय कळलं का?" दर सोमवारी विचारते. तोंडात आलं होतं. गिळलं. खोटं निघालं तर तिला परत पहिल्यापासून.

१२ फेब्रु., बुध.
जेवताना मामाला एक बोंड दिलं. "काय हे?" म्हणत घातलं कानात. मी चालू केलं.
भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेलेला. तिथंच थांबला. चर्र होईस्तोवर हलला नाही. मग तुकडा ताटात ठेवला.
"डावऱ्याचा ठोका आहे."
मी गाणं परत पहिल्यापासून लावलं.
"जुनी भट्टी. डावीकडची वीट फुटलेली, तिच्यावर पडतोय. म्हणून बद्द."
ती भट्टी गेल्या वर्षी काढली. म्हणजे हे इथलंच. आमचंच दुकान, दादा असतानाचं. फोन जळाला पण आवाज आधीच कुठंतरी पाठवून ठेवला होता त्याने.
मामाने तीन वर्षांत त्याचं नाव घेतलं नव्हतं. आजही घेतलं नाही. नुसतं म्हणाला, "जेव."

१३ फेब्रु.
नागेशने आणखी साफ करून पाठवलं. चर्र संपल्यावर कुणीतरी फिसकन हसतं. त्याने विचारलंय, हा कोण?
मी.
ओतताना दादा तोंड वाकडं करायचा, मला हसवायला. ते हसू त्याने ठेवलंय. काढता आलं असतं.
आणि ज्याने मामाला सांगितलं, "दादा ओतताना फोन चालू ठेवतो", तो पण मीच. का सांगितलं? ओतायचं काम त्याला मिळालं, मला माती गाळायला. एवढंच कारण. दादाला वाटतं मामाने स्वतः बघितलं.

१५ फेब्रु., शनि.
'रिकामा डबा'ला मेसेज लिहायला तीन दिवस घेतले. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून मराठी लिहितो ती या वहीतच. "नमस्कार सर" लिहिलं, खोडलं. "दादा" लिहिलं, खोडलं. दादा नसून दुसराच कुणी असला तर? त्याने कुणाला तो आवाज दिला असेल तर?
मामा मागे उभा. "काय लिहितोस?"
"काही सुचंना."
हात पुसले त्याने. "चिमटा आण. मी मारतो, तू भर."
ठक ठक. ठक. नव्या भट्टीवर, खणखणीत. मुशीत काही नव्हतं, तरी आम्ही दोघं गप्प. ओतून होईल एवढा वेळ.
पाठवलं.

१६ फेब्रु., रवि.
सापडलेलं : काही नाही. शोधलंच नाही.

१७ फेब्रु., सोम.
दुपारी उत्तर आलं. अक्षर नाही. तीस सेकंदांचा आवाज.
ठक ठक. कशावर मारलंय कळत नाही. लोखंड नाही, वीट नाही. ताटावर असेल. मग मी थांबलो. मामा पण थांबला. तिसरा येईना. मागे कुठं तरी बस गेली, कुणी तरी बादली ठेवली. आवाज संपला.
"एक राहिला की," मामा म्हणाला. "विसरला वाटतं."
"विसरला नाही."
मामाने माझ्याकडे बघितलं. मग त्याला पण कळलं असावं, कारण तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.
दोनच. म्हणजे अजून बोलता येतं. काय सांगायचं असेल तर आत्ता.
आईचा फोन वाजतोय. आज सोमवार. आधी त्याला हे लिहितो, मग तिला करतो.
दादा, तेव्हा मामाला ते मी