चाळीस प्रती, दोन नावं

सेव्लिएवो,
१८ ऑगस्ट

प्रिय नेदाताई,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, बुर्गासच्या समुद्राची हवा मानवत असेल. इथे मिरच्या भाजून झाल्या, टोमॅटो बाटल्यांत भरले. केरामावशी रोज तुझी विचारपूस करते आणि मी रोज 'मजेत आहे' असं सांगते. खरं तर मार्चपासून तू माझा फोन घेतलेला नाहीस.

९ सप्टेंबरला बाबांना जाऊन वर्ष होतं. दारावर, फाटकावर आणि चौकातल्या खांबांवर रिवाजाप्रमाणे फोटो आणि चार ओळींचा, आठवणीचा वर्षाचा कागद लावायला हवा. तो मी लिहिला आहे. हो, पुन्हा मीच.

मार्चमध्ये सहा महिन्यांचा कागद तू फाटकावरून फाडलास, चारचौघांत. त्यात काय होतं ते तू पुरतं वाचलं नसशील, म्हणून पुन्हा लिहिते:

'गेन्चो रादेव, वय ८६. फोटो चोविसाव्या वर्षीचा आहे. त्यानंतर त्यांनी फोटो काढू दिला नाही, कारण गावातल्या फोटोग्राफरने त्यांना फाशांच्या खेळात हरवलं होतं. साठ वर्षं ते परतीचा डाव मागत राहिले. फोटोग्राफर आधी वारला, ही त्यांना फसवणूक वाटली. शेजाऱ्यांचे नऊ रेडिओ त्यांनी दुरुस्त केले, त्यातले चार बिघडलेले नव्हते. आम्हाला त्यांची फार आठवण येते.'

तुला हवं होतं 'शांत, प्रेमळ, सर्वांचे लाडके'. ताई, बाबा शांत कधी होते? तो कागद वाचून लोकांनी विचारलं असतं, कोण बाई हे गृहस्थ?

असं लिहायला शिकायला मला दोन वर्षं लागली. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी वाचनगृहातल्या विनोदी लेखनाच्या वर्गाला जाऊ लागले, तेव्हा तू म्हणालीस, 'साठीत आता हे खूळ?' सुरुवातीला मी फार वाईट लिहीत असे. ओळीओळीला कोटी आणि उद्गारचिन्हं. आमचे शिक्षक स्पास वाचताना एकदाही हसले नाहीत. म्हणाले, "त्सोन्का, आमच्या आधी तूच हसतेस. मग आम्ही काय करायचं?" तो लेख बाबांवरच होता; घरी येऊन मी त्यांनाच तो वाचून दाखवला. त्यांनी निम्म्या ओळी खोडायला लावल्या. म्हणाले, "मी काय विदूषक होतो? मी सगळं अगदी गंभीरपणे केलं. तसंच सांग." माझा खरा वर्ग तिथे झाला, त्यांच्या खाटेशी.

बाबा गेले त्या मंगळवारबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण फाटकाशी तू जे बोललीस ते अजून कानात आहे: "बाबा मरत होते तेव्हा तू हसत बसली होतीस."

तर ऐक. दुपारपासून त्यांना धाप लागत होती. संध्याकाळी वाचनगृहात मी तो लेख लोकांसमोर वाचणार होते, पण मी जाणार नव्हते. ते म्हणाले, "तू गेली नाहीस तर लोक म्हणतील, म्हातारा आपल्यावरच्या लेखाला घाबरला." केरामावशी त्यांच्याजवळ बसली. मी गेले, वाचलं. लोक इतके हसले की एका म्हाताऱ्याला पाणी द्यावं लागलं. तिथूनच उठून घरी यायचं होतं. पण सगळे म्हणाले, पुन्हा एकदा. आणि मी पुन्हा वाचलं. ते बाबांसाठी नव्हतं, ती माझी हौस होती. त्याच अर्ध्या तासात ते गेले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. याची माफी मी कबरीपाशी मागितली आहे. तुझ्याकडे मागणार नाही. कारण तुला माझ्या त्या अर्ध्या तासाचा राग नाही, ते तुला माहीतच नव्हतं. तुला राग आहे तो मार्चमधला कागद वाचून केरामावशी पिशवी खाली ठेवून खांबापाशी हसली, याचा. ती हसली आणि मग तिथेच रडली. तुझ्या 'प्रेमळ, लाडके'ने कोण रडलं असतं?

वर्षाच्या कागदात मी एक वाक्य वाढवलं आहे: 'ते गेले तेव्हा धाकटी मुलगी त्यांच्यावरचा लेख दुसऱ्यांदा वाचत होती, कारण पहिल्यांदा लोक फार हसले.' हे वाक्य मी पाच महिने घडवते आहे. वर्गात वाचलं, कुणीच हसलं नाही. मी खोडायला निघाले, तर स्पास म्हणाले, राहू दे.

चाळीस प्रती छापायला टाकते आहे. खाली 'दोन मुली' एवढंच नाही, या वेळी आपली दोघींची नावं असतील, वयाप्रमाणे तुझं आधी. नको असेल तर १ तारखेच्या आत स्वतः फोन करून सांग, तुझ्या जावयांकरवी निरोप नको. फोन आला नाही तर तुझं नाव छापलं जाईल. फाडायचे असतील तर ये आणि चाळीसही फाड. कुठले खांब ते मी बरोबर फिरून दाखवीन. पण फाडण्याआधी प्रत्येक कागद तुला मोठ्याने वाचावा लागेल, आणि एकदा तरी तू हसशील. तू त्यांचीच मुलगी आहेस.

खोडायला तयार नसलेली, तुझी धाकटी,
त्सोन्का