तू सांगितलेलं कारण

आई, तुला जाऊन वीस वर्षं झाली. मी आता आयर्लंडमध्ये एका विद्यापीठात काम करते. तुरुंगातल्या बायकांना भेटायचं, त्यांनी घरात काय काय सोसलं ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं, हे माझं काम.

मागच्या मंगळवारी चोरीच्या गुन्ह्यात आत आलेली एक बाई समोर बसली होती. पन्नाशीची, भुवईवर जुना व्रण. हे कशानं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "प्रेसचं दार लागलं." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. माझं पेन तिथेच थांबलं. नागपूरचं आपलं स्वयंपाकघर, तू पोळ्या लाटते आहेस, डावा डोळा सुजलेला आणि शेजारच्या काकू दारात उभ्या. "फडताळाचं दार लागलं," तू सांगतेस. मी दहा वर्षांची. मी म्हणते, "नाही काकू, बाबांनी मारलं." काकू गेल्यावर तू लाटणं बाजूला ठेवलंस. "घरातलं बाहेर सांगायचं नसतं. पुन्हा बोललीस तर याद राख." त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही. तुलाही काही विचारलं नाही.

नियमाप्रमाणे मी त्या बाईला पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. मी रेकॉर्डर बंद केला आणि म्हटलं, "माझ्या आईलाही दारच लागायचं."

तिनं विचारलं, "आणि तू?"

"मी खरं सांगून टाकलं होतं. तिनं मला गप्प केलं."

"मीही माझ्या पोरीला गप्प केलं," ती म्हणाली. "बाहेर कळलं असतं, तर नवऱ्यानं तिलाही सोडलं नसतं."

मग तिनंच मला रेकॉर्डर लावायला सांगितला आणि पाऊण तास बोलली. मध्येच थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू करायची. परतताना ट्रेनमध्ये मी तुझाच विचार करत होते. त्या दिवशी तुला माझी लाज वाटली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. तू माझ्यासाठी घाबरली असशील, हे मला कधी सुचलंच नाही. दुसऱ्यांच्या आयांबद्दल मात्र हे मी अहवालात लिहीत आले आहे.

बाबा आता इथे आयर्लंडमध्ये, ॲडम्सटाउनला आमच्याकडेच असतात. हात थरथरतात, म्हणून स्वेटरची बटणं मी लावून देते. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय सांगतात गं त्या बायका तुला?" मी म्हटलं, "असंच, काहीबाही." त्यांनी मान खाली घातली आणि मी शेवटचं बटण लावलं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून कबूल करते. त्यांना विचारायची वेळ तीच होती, आणि मी विचारलं नाही.