गल्लीतली वाकडी रेघ

चॅपल गल्ली, ब्रिजटाउन, बार्बाडोस
ऑक्टोबरातला रविवार, दुपार

प्रिय योलांड,

तू पाठवलेलं विमानाचं तिकीट पोचलं आणि त्याच संध्याकाळी तुझ्या बाबाने बॅग भरली. जायला अजून तीन आठवडे आहेत, पण बॅग दाराशी उभी. येता-जाता माझ्या नडगीला लागते. "एल्रिक, ही आत ठेव," म्हटलं तर म्हणतो, "राहू दे गं वर्नी, ऐनवेळी धावपळ नको." धावपळ नको म्हणे! स्वतःच्या लग्नाला हा इतका उशिरा आला होता की पाद्र्याने तोवर सगळ्या चर्चकडून भजनं म्हणवून घेतली, आणि तुझ्या आईचे डोळे असे झाले होते की मी तिच्या हातातला गुच्छ काढूनच घेतला. पंचाहत्तरीचा झाला, पण कधी कशाला वेळेवर पोचला नाही. तो आता तीन आठवडे आधी तयार होऊन बसलाय, हे मला बघवत नाही. का, ते सांगते. पण मी जन्मभर शाळेत शिकवलंय, माझं पत्र लांबणार. चहा घेऊन बस.

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, खरं सांग, बाबा नेमके करायचे काय? कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. आई म्हणायची, याचे दोन नाही, चार दगडांवर पाय." तेव्हा मी मक्याच्या पिठाची कुकू तळाला लागतेय असं सांगून फोन ठेवला. चुलीवर काहीसुद्धा नव्हतं. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, एवढंच.

सकाळी तो लिहायचा. शनिवारच्या पेपरात त्याचं सदर असायचं, आपल्या गल्लीबद्दलच. कोणाची कोंबडी कोणाच्या अंगणात गेली, रमच्या दुकानात कोणी काय फेकलं, असलं सगळं. लोक तोंडाने शिव्या द्यायचे आणि आपलं नाव आलं की कात्री शोधायचे. दुपारी चित्रं काढायचा. चार वाजता रस्त्यावर सावली आली की टेनिस. आणि दिवेलागणीनंतर सॅक्सोफोन घेऊन किनाऱ्यावरच्या हॉटेलात जॅझ वाजवायला. यातलं एकही त्याने चार दिवस करून सोडलं नाही गं. चारही जन्मभर केली. आपलं टेनिस तुला आठवायचं नाही. तुझी आई मार्व्हा तुला घेऊन कॅनडाला गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. डांबरी रस्त्यावर रंगाने आखलेलं मैदान, जाळीच्या जागी वीतभर उंचीची फळी, हातात लाकडाची बॅट, आणि लव सोलून काढलेला टेनिसचा चेंडू. गाडी आली की फळी उचलायची, गेली की ठेवायची. गाडीवाला ओळखीचा असला तर तो गाडी तिथेच उभी करून डाव संपेपर्यंत बघणार, आणि मागचे लोक बोंबलणार.

तर या खेळात तुझा बाबा अख्ख्या बेटाचा विजेता होता. कसा? तर उशिराने! हसू नकोस. चेंडू टप्पा घेऊन वर आला की समोरचा माणूस मनात 'आता' म्हणतो आणि पाय रोवतो. एल्रिक तो 'आता' जाऊ द्यायचा. एक श्वास थांबून मारायचा, आणि तोवर समोरचा दुसऱ्याच बाजूला झुकलेला असायचा. सॅक्सोफोनवरही तेच. बाकीचे सूर लावून बसलेत आणि हा थांबलाय. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला की मग अलगद येणार. सीबर्ट कम्बरबॅच, तो बस चालवायचा आणि याच्या मागे ढोल वाजवायचा, तो वैतागून म्हणायचा, "अरे, माझी शेवटची बस निघाली, आता तरी वाजव!" लिहितानाही टेबलाखाली पायाने ठेका धरलेला. चित्रंसुद्धा खेळाडूंचीच, तीही नुसत्या गुडघ्यांची. वर कमरेपासून कॅनव्हास संपला. मी म्हटलं, "चेहरे कुठायत?" तर म्हणे, "माणूस चेहऱ्याने थाप मारतो, गुडघ्याने नाही." प्रदर्शनात शेजारची मिसेस होल्डर एका चित्रापुढे उभी राहून ओरडली, "अगं बाई, हे आमच्या ह्यांचे गुडघे! आणि हे म्हणत होते त्या दिवशी चर्चला गेलो होतो!" म्हणून सांगते, मला तरी तो चार कामं करणारा वाटला नाही कधी. एकच काम चार ठिकाणी करायचा.

तुझ्या आईला मी दोष देत नाही. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे रोज बसथांब्यावर उभं राहणं, हे मला बहीण म्हणून माहीत आहे. तिला टोरांटोत नर्सची नोकरी लागली. ती म्हणाली चल, तो म्हणाला येतो, पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष काही आलं नाही. तुम्ही निघालात त्या दिवशीही तो विमानतळावर पोचला तेव्हा विमान वर गेलं होतं. तुझ्यासाठी लहानशी बॅट रंगवत बसला होता, रंग वाळेना. ती बॅट घेऊन तो परत आला, ओला निळा रंग सगळ्या सदऱ्याला लागलेला. मी त्याला त्या दिवशी फार बोलले. अजूनही वाटतं, बोलले ते बरोबरच होतं.

पण तू त्याला आठवायचीस की नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. माझ्या मते तुला तेच विचारायचं आहे. म्हणून आता ऐक.

दर नोव्हेंबरात, स्वातंत्र्यदिनाच्या आधी, घराघरात केळीच्या पानातल्या मक्याच्या गोड काँकी वाफवायला लागल्या की आपल्या गल्लीत मैदानाच्या रेघा नव्याने रंगवतात. हे काम तुझ्या बाबाचं. दोरी धरायला सीबर्ट, आणि सल्ले द्यायला सगळी गल्ली. तू जन्मलीस त्या दिवशी तो मागची रेघ मारत होता. तुझी आई इस्पितळात, आणि हा रस्त्यावर ओणवा! मीच पळत आले आणि कोपऱ्यावरून ओरडले, "एल्रिक, मुलगी झाली!" त्याचा हात जो उडाला, तो कोपऱ्याजवळची रेघ बाहेर फुगली, पोळी लाटताना एका बाजूला फुगावी तशी. ब्रश तिथेच टाकून हा अनवाणी इस्पितळाकडे. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, "मिस्टर एल, रेघ सरळ करून घ्या." तर म्हणाला, "हात लावू नका. ती योलांड आहे."

तेव्हापासून ती तिथे आहे. दर नोव्हेंबरात सगळ्या रेघा दोरीने सरळ, आणि त्या कोपऱ्यात दोरी सोडून हाताने तोच फुगवटा. बाहेरून खेळायला आलेला माणूस तिथे हमखास फसतो. त्याला वाटतं चेंडू बाहेर गेला, तो बॅट खाली करतो, आणि सगळी गल्ली एका आवाजात ओरडते, "योलांडमध्ये! आत!" बाई गं, तू टोरांटोत बर्फ उकरत होतीस तेव्हा इथे रोज संध्याकाळी तुझ्या नावाने आरडाओरडा, भांडणं, हमरीतुमरी. "योलांड नसती तर जिंकलो असतो!" "योलांड सगळ्यांना सारखीच आहे, रडू नको!" तुला न पाहिलेली पोरं मोठी झाली, त्यांची पोरं खेळायला लागली. त्यांना वाटतं, मैदानाच्या त्या भागाला योलांडच म्हणतात. तू आजीच्या मातीला आलीस तेव्हा हे ऐकलं असतंस, पण घरात सुतक, गल्लीत कोणी बॅटला हात लावला नाही, आणि तू लगेच परत गेलीस.

एकदा मोठी स्पर्धा आपल्या गल्लीत भरायची होती. टीव्हीवाले येणार होते. तुझा बाबा तेव्हा उतरणीला लागला होता, तरी घरच्या मैदानावर तो शेवटचा एकदा जिंकणार, असं सगळे म्हणत होते. स्पर्धेचे लोक मापाची फीत घेऊन आले आणि म्हणाले, हा कोपरा नियमात बसत नाही, रेघ सरळ करा. सरळ करूनही गेले. एल्रिक रात्री नेहमीसारखा जेवला आणि सकाळी उठून ब्रश घेऊन गेला. फुगवटा जिथल्या तिथे! त्यांनी स्पर्धा दुसरीकडे नेली. सीबर्टने त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. मी विचारलं, "काय मिळवलंस रे?" तर म्हणाला, "एकदा पोर हातची गेली तेव्हा उशीर केला. परत कशी जाऊ देऊ?"

आता त्याची तब्येत. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला, तो काही परत आला नाही. लेखणी, ब्रश, बॅट आणि सॅक्सोफोन, कामं चार आणि हात एकच होता, आणि नेमका तोच गेला. पहिले काही आठवडे भिंतीकडे तोंड करून पडला होता. तुझी काळजी मला समजते, योलांड. तिकडचे डॉक्टर चांगले, तुझं घर गरम, तू प्रेमाने बोलावतेस. पण इथे काय चाललंय ते तुला कोणी सांगितलेलं नाही. सदर तो मला तोंडी सांगतो आणि मी लिहिते. स्वल्पविरामावरून आमची रोज जुंपते. बॅटा आणि चित्रं डाव्या हाताने रंगवतो. गुडघे आता जरा बटाट्यासारखे येतात, पण मिसेस होल्डर म्हणते, या वयात तिचे तसेच झालेत. चार वाजता खुर्ची टाकून पंच होऊन बसतो आणि भांडणं लावतो. आणि दर रविवारी अंगणात तो सॅक्सोफोन गळ्यात अडकवतो, वरच्या कळा डाव्या हाताने दाबतो, आणि सीबर्ट मागून त्याला मिठी मारल्यासारखा उभा राहून आपल्या उजव्या हाताने खालच्या कळा दाबतो. दोन म्हातारे, एक बाजा! "दाब रे आता!" "तू आधी फुंक तर!" "पोट आत घे, लागतंय!" सीबर्ट ढोल वाजवणारा माणूस, त्याची बोटं हमखास मागे राहतात. पण तुझा बाबा म्हणतो, "असू दे, उशीर झाला की आपलंच वाटतं." गेल्या रविवारी मी कपडे वाळत घालता घालता रडले. चांगलं वाजत होतं म्हणून.

तिथे टोरांटोत त्याच्या मागे कोण उभं राहणार?

मी त्याला सरळ विचारलं, "तुला जायचंय का?" त्याने डाव्या हाताने बॅगेचा पट्टा घट्ट केला. मग म्हणाला, "वर्नी, पोरीने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंय. तेही हेच, की बाबा, या. नाही कसं म्हणू? आणि या वेळी उशीर करायचा नाही." म्हणून ती बॅग दाराशी आहे. तो तुझ्यासाठी येतोय, आणि येईलच. तिथे खिडकीत बसून बर्फ बघेल, तू विचारलंस तर म्हणेल, मजेत आहे. आणि तुझ्या लक्षात यायच्या आत संपेल. हे लिहिलं नाही तर मला झोप लागायची नाही.

पत्र मात्र मी आजच का लिहायला घेतलं, ते सांगते. सकाळी सीबर्ट आला. दारात उभा राहून एल्रिकला शिव्या घालत होता आणि डोळे पुसत होता. त्याच्या हातात एक पुठ्ठा होता, कडेने कापलेला. डाव्या हाताने कापलाय, म्हणून कड कुरतडल्यासारखी आहे. तुझ्या बाबाने रस्त्यावर बसून त्या फुगवट्यावर तो ठेवला, माप घेतलं, कापला आणि सीबर्टला दिला. म्हणाला, "या नोव्हेंबरात मी नसेन. दरवर्षी हा ठेवून रेघ मार. मी नसलो तरी योलांड हलता कामा नये." तो पुठ्ठा मी सीबर्टकडून मागून घेतला आणि या पाकिटात घातलाय. आता आपल्या गल्लीत तो कोणाकडेच नाही. तेव्हा तू त्याला फोन कर आणि सांग, "बाबा, तुम्ही येऊ नका, मीच येते." रागावून सांग, हट्टाने सांग, नाहीतर तो ऐकायचा नाही. बॅग मी रिकामी करीन. काँकीचं पीठ दळून ठेवते. आणि येताना पुठ्ठा विसरू नकोस, आम्ही रेघ मारायला थांबतोय.

वाट पाहणारी, तुझीच,
वर्नीस आत्या