शिळा रस

प्रिय गोगलगाय,

पास झाले. विज्ञानात. आधी तेवढं वाच, मग बाकीचं. तिसऱ्या खेपेला आणि काठावर का होईना, झाले. नवरा म्हणायचा, या वयात शिळ्या कढीला ऊत कशाला आणतेस. त्याच्यासमोर निकाल धरला आणि म्हटलं, आला ऊत, आता झाकण शोध.

पेपरात पहिलाच प्रश्न, अग्निजन्य खडक कसे तयार होतात? प्रश्न दोनदा वाचला. मग तू आठवलीस. वर्गात उभी राहून धडा वाचत होतीस आणि 'शिलारस'चं 'शिळा रस' केलंस. सगळे खिदळले, बाईसुद्धा. मी उठून ओरडले तर मलाच बाहेर काढलं, आणि परत येऊन बघते तो तू गेलेली. रात्रशाळा सोडलीस, आपला गोळ्या-खडीसाखरेचा कारखाना सोडलास, लेकीकडे जाऊन बसलीस. पण तो शब्द माझ्या डोक्यातून हलला नाही. लिहून टाकलं, की जमिनीच्या पोटात दगड वितळतो त्याला शिलारस म्हणतात, आणि तो निवला की अग्निजन्य खडक.

पुढचं आठवेना, तेव्हा आपला कारखाना डोळ्यांसमोर आणला. माझ्या गोळ्यांचा पाक गार फरशीवर ओतला की झटकन काच होतो, दाणा धरायला सवडच नाही. ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या रसाचं तेच, दाणा बारीक, नाहीतर नुसती काच. तुझी खडीसाखर मात्र झाकून ठेवलेली, कोपऱ्यात कित्येक दिवस निवायची आणि अंगठ्याएवढे खडे धरायची. खोल जमिनीत अडकलेला रसही तसाच सावकाश निवतो, म्हणून त्या दगडातले दाणे मोठे, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. साखरेचं नाव नाही काढलं हं पेपरात. तेवढी अक्कल आहे मला.

निकालानंतर बाईंना गाठलं आणि विचारलं, शिळा म्हणजे दगडच ना, मग शिळेचा रस तो शिलारस, आमची गोगलगाय चुकली ती कितीशी? त्या हसायला लागल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "घेऊन या तिला. तिची जागा आहे."

म्हणून हे पत्र. तुझं नाव घालून आलेय. मी पास झाले तरी तुझ्या शेजारी बसणार आहे, बघू कोण हसतंय. लेकीला सांग, पाळण्याची दोरी आता तूच ओढ. लोक तुला मंद म्हणाले तर म्हणू देत. मी फरशीवरची, पटकन निवले, काठावर सुटले. तू खोलातली आहेस, तुझे खडे मोठेच येणार. आता ते पोटातले पाय बाहेर काढ आणि चालू लाग.

तुझीच,
खडूस