फिरतं शिवणकेंद्र

हुडको, भिलाई
४ ऑगस्ट २०२४

चि. रोशनी हिस वंदनामावशीचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून शेवटी कागद काढला. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, राग आला तर तो सुंदर अक्षरात लिहावा, निम्मा तिथेच उतरतो. आज काही उतरत नाही. अक्षर तेवढं बघ.

तुमच्या विद्यापीठाच्या मॅनेजमेंट विभागाचं पत्र काल केंद्र सांभाळणाऱ्या बेबीताईकडे आलं. इंग्रजीत होतं, म्हणून ती ते माझ्याकडे घेऊन आली. त्यात म्हटलंय की आमच्या गल्लीतलं शिवणकेंद्र बंद आढळलं, तेव्हा विभागाने दिलेल्या सहा मशिनी महिनाअखेर परत नेल्या जातील. बंद? अगं, परवाच शामसुंदरजींच्या कारखान्यात हातमोज्यांचे गठ्ठे गेले! बेबीताई मला विचारत होती की मॅडम, मंग हे मोजे का भुतानं शिवले? मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

माझ्याच व्हरांड्यात बसून तू या बायकांना सांगितलं होतंस की विद्यापीठ शिकवील, कारखाना काम देईल, वस्ती ते करील. त्या तुझ्या भाषणावर तयार झाल्या नव्हत्या, तू माझी भाची म्हणून झाल्या. आता भाजीला बाहेर पडले तरी मान वर करवत नाही.

तुझ्या आवडीची बेसनाची ठेठरी तळून डबा भरून ठेवलाय. खुलासा आल्याशिवाय तो नागपूरला निघणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
वंदनामावशी

नागपूर
१२ ऑगस्ट २०२४

ती. स्व. मावशीस रोशनीचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहिलं आणि शाळेच्या बाकावर उभी केल्यासारखं वाटलं. ठेठरी अडवून ठेवणं मात्र अन्याय आहे.

माझा संशोधक विद्यार्थी निखिल दोनदा येऊन गेला. करारात बेबीताईंच्या घरचा पत्ता आहे, तिथेच गेला. पहिल्यांदा त्यांच्या यजमानांनी, धर्मेंद्रभाऊंनी, दार उघडलं. डोळे लाल, अंगात बनियन. त्यांनी हिंदीत सुनावलं की इथे कसलं सेंटर-वेंटर नाही, माणसाला झोपू दे. खोलीत एकही मशीन नव्हती. दुसऱ्यांदा तर दारापर्यंतही पोचला नाही. शेजारच्या बाईंनी तोंडावर बोट ठेवून त्याला हातानेच हाकललं. त्याने पाहिलं ते लिहिलं आणि मी सही केली.

समितीत एकांनी विचारलं की बायकांनी मशिनी विकल्या तर नाहीत? मावशी, या प्रकल्पासाठी मी विभागात किती जणांशी भांडले, ते तुला सांगितलेलं नाही. तूच सांग, मशिनी आहेत तरी कुठे?

माया पातळ होऊ देऊ नकोस,
रोशनी

हुडको, भिलाई
१७ ऑगस्ट २०२४

चि. रोशनीस आशीर्वाद, आणि कानही पकडला आहे असं समज.

विकल्या म्हणे! हे वाक्य मी बेबीताईला वाचून दाखवलं नाही.

तू मोहन नगरला वाढलीस ना? तुझे बाबा रेल्वेत रात्रीची ड्यूटी करून सकाळी घरी येऊन झोपायचे, तेव्हा तुझी आई कुकर उचलून शेजारणीकडे न्यायची. शिट्ट्या तिथे वाजायच्या. आमच्याकडेही तेच. यांची नाइट शिफ्ट असली की मी दिवसभर घरात चप्पलसुद्धा घालत नसे. पोलादाच्या प्लांटच्या गावात मूल बोलायला शिकतं त्याआधी हळू बोलायला शिकतं. तू एवढी शिकलीस आणि नेमकं हेच विसरलीस?

दोन खोल्यांच्या घरात एक माणूस नाइट करून झोपलेला, तिथे सहा मशिनी चालतील का? म्हणून ज्या घरच्या माणसाची त्या आठवड्यात सकाळची फर्स्ट शिफ्ट, त्या घरी मशिनी जातात. पुढच्या आठवड्यात ड्यूटी बदलली की दुसऱ्या घरी. दर सोमवारी बायका मशिनी उचलून गल्लीतून निघतात. एखाद्या देवाची मिरवणूक चालल्यासारखं वाटतं. ज्या घरी मशिनी, त्या घरचा चहा. तुझा निखिल आला तेव्हा धर्मेंद्रची नाइट होती आणि मशिनी गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला भागाबाईकडे खडखडत होत्या. शेजारणीने गप्प केलं, ते झोपमोड होऊ नये म्हणून. बेबीताईचं म्हणणं असं की त्या पोरानं एका बाईले तरी विचारलं असतं, तर तिनं हात धरून नेलं असतं.

कारखान्याने या महिन्याचं कापड थांबवलंय. शामसुंदरजी म्हणतात, विद्यापीठच बंद म्हणतं तर मी काय करू. बायका रिकाम्या बसल्यात आणि माझ्याकडे बघतात.

तुझी,
वंदनामावशी

नागपूर
२३ ऑगस्ट २०२४

ती. स्व. मावशीस शि. सा. न. वि. वि.

कुकर आठवला. शेजारच्या काकू आमच्या वरणाच्या शिट्ट्या मोजायच्या, हेही आठवलं. लाज वाटली.

निखिलला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला की मॅम, मी आवाज शोधत होतो, आणि लोक मला आवाज करू नको म्हणत होते. त्याने अहवाल दुरुस्त केला. पण समिती हटून बसली आहे. केंद्राला एकच कायमचा पत्ता हवा, फिरतं केंद्र त्यांच्या नियमात बसत नाही. त्या रागात मी अर्जावर पत्त्याच्या जागी लिहिलं की ज्या घरी दिवसा कोणी झोपलेलं नसतं, ते घर. अर्ज परत आला. शेजारी लाल शाईत एक प्रश्नचिन्ह, बस.

शामसुंदरजींना फोन केला. तेही म्हणाले की पत्ता पक्का करा, कापडाची गाडी पाठवतो. महिनाअखेरीपर्यंत पत्ता दिला नाही तर मशिनी परत येणार. माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझी हरलेली भाची,
रोशनी

हुडको, भिलाई
२८ ऑगस्ट २०२४

चि. रोशनीस अनेक आशीर्वाद.

तुझं ते पत्त्याचं वाक्य वाचलं आणि गल्लीतली घरं एकेक करून मोजली. असं घर या गल्लीत एकच आहे. मशिनींच्या फेरीत ते कधी आलं नाही, कारण फेरी ड्यूटीवरून ठरते आणि तुझे काका गेल्यापासून माझ्या घरी कोणाची ड्यूटीच नाही.

बेबीताईला सांगितलं तर ती लगेच हो म्हणाली नाही. तुमच्या घरी यायले भेव वाटते, म्हणाली, फरशी लय चकचकीत. शिवाय सोमवारची मिरवणूक बंद होणार, चहाचा मान एकाच घरी जाणार, हे भागाबाईला मुळीच पटलेलं नाही. चहा पाळीपाळीने आपापल्या घरून आणायचा, असं ठरलं तेव्हा कुठे त्या कबूल झाल्या. तुमच्या समितीने आमची एक चांगली रीत मोडली. माझा राग अजून गेलेला नाही, हे तिथे जरूर सांग.

आज मशिनी आल्या. जुन्या कापडावर टाका तपासायला सहाच्या सहा एकदम सुरू झाल्या आणि मी सवयीने तोंडावर बोट ठेवून स्वयंपाकघरातून धावत आले. सगळ्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. मी आतल्या खोलीकडे पाहिलं. पलंगावर चादर तशीच, घडी न मोडलेली. चालू द्या म्हटलं.

दारावरच्या घंटीला काकांनी आवाज दबावा म्हणून चिंधी बांधली होती. ती आज सोडली.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतेय, मिळताच अर्जावर माझा पत्ता लिही. ठेठरीचा डबा उद्या निघेल, त्यात निखिलचाही वाटा आहे. त्याला म्हणावं, पुन्हा ये आणि घंटी वाजव. मशिनींच्या आवाजात ऐकू नाही आली, तर जोरात वाजव.

तुझी वाट बघणारी,
वंदनामावशी